चाळिशीपुढचा संघ थायलंडला सेव्हन्स खेळायला नेताना

परदेशातल्या व्हेटरन्स, म्हणजे पस्तिशी-चाळिशीपुढच्यांच्या फुटबॉल स्पर्धेला जायचं ठरलं की आपल्या कोल्हापूरकडच्या बहुतेक संघांची तयारी जर्सीच्या डिझाइनपासून सुरू होते आणि बराच काळ तिथेच रेंगाळते. खरं तर आधी करायची असते एक बेरीज. या स्पर्धा बहुधा शनिवार-रविवारच्या, सात-सात खेळाडूंच्या असतात. पहिल्या दिवशी गटातले तीन-चार सामने, दुसऱ्या दिवशी बाद फेरी. आपले संघ शनिवारी फारसे हरत नाहीत. रविवारी दुपारी हरतात, कारण तोवर निम्मा संघ लंगडत असतो. म्हणून पुढचं सगळं, अगदी पासपोर्टपासून मोज्यांपर्यंत, रविवार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय.

हाफ दहा मिनिटांचा धरा. तीन सामन्यांची साठ मिनिटं होतात. कीपर सोडून मैदानावर सहाजण, म्हणजे शनिवारी एकूण ३६० मिनिटं पळायची आहेत. नऊजण नेले, त्यातला एक कीपर, तर उरलेल्या आठांच्या वाट्याला प्रत्येकी ४५ मिनिटं येतात. चौदाजण नेले, त्यात दोन कीपर, तर बाराजणांना प्रत्येकी ३० मिनिटं. आता दोघं जायबंदी झाले असं समजा. नऊच्या संघात सहाच उरतात, बदली कुणीच नाही. चौदाच्या संघात दहा उरतात आणि प्रत्येकाला ३६ मिनिटं पडतात. चौदा हाच आकडा धरावा. सोळा-सतरा नेले की खर्चाची वाटणी हलकी होते हे खरं, पण मग ‘पैसे सारखे भरले, मिनिटं सारखी का नाहीत?’ हा प्रश्न दुसऱ्या सामन्यानंतर हमखास येतो, आणि दुखापतींपेक्षा जास्त संघ त्या प्रश्नानं फुटलेत. उत्तर पैसे गोळा करण्याआधी लेखी द्यावं: गटातल्या सामन्यांत सर्वांना सारखी मिनिटं, बाद फेरीत कॅप्टन म्हणेल तसं. ज्याला पटत नाही त्यानं तिकीट काढण्याआधी सांगावं.

बदल कसे करायचे, याची एक साधी रीत आहे. बाराजणांचे तीन-तीनचे चार गट करा: अ, ब, क, ड. वीस मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे पाडा. पहिल्या तुकड्यात अ आणि ब, दुसऱ्यात ब आणि क, हाफटाइमनंतर क आणि ड, शेवटी ड आणि अ. प्रत्येकाला बरोबर दहा मिनिटं मिळतात. बाकी तीन गटांना ती सलग किंवा फक्त हाफटाइमची फट पडून मिळतात, अ गटाला मात्र पाच मिनिटं खेळून, दहा मिनिटं बसून पुन्हा उतरावं लागतं. पोटरी फाटते ती नेमकी इथे. म्हणून अ गटात जुन्या दुखण्याचा माणूस ठेवायचा नाही, हाफटाइमला त्या तिघांनी टाचा उचलत जागेवर पळायचं, आणि दर सामन्याला अ गट बदलायचा.

हे सगळं घड्याळ बघून करायला न खेळणारा माणूस लागतो. त्याला मॅनेजर म्हणा, काही म्हणा, पण तो खेळाडू नको. चाळिशीपुढचा खेळाडू ‘मला काढा’ असं स्वतःहून कधीच म्हणत नाही, आणि म्हणतो तेव्हा उशीर झालेला असतो. बाहेर गेलेल्याला पुन्हा आत घेता येतं का, हेही आधी विचारावं. खेळाच्या नियमांत व्हेटरन्ससाठी तशी मुभा आहे, सामन्याची वेळ आणि मैदानाचा आकार बदलायचीही आहे, पण ती वापरायची की नाही हे आयोजक ठरवतात. त्यामुळे स्पर्धेचं नियमपत्रक हाच वेद. ऑफसाइड आहे का, थ्रो-इन हातानं की पायानं, स्लायडिंग टॅकल चालते का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं आणि ते बहुधा कॅप्टनशिवाय कुणी वाचलेलं नसतं.

एक जूनचा वाढदिवस

वयाच्या गटासाठी पासपोर्टवरची जन्मतारीख ग्राह्य धरतात, दुसरं काही नाही. आपल्याकडे एका पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर गुरुजींनी सरसकट १ जून लावून टाकला, तोच पुढे पासपोर्टवर आला. एका संघात चौघांचा वाढदिवस १ जूनला निघाला की परदेशी आयोजकाच्या भुवया वर जातात. हसून सोडून द्यावं, पण नाव नोंदवण्याआधी सर्वांच्या पासपोर्टची पानं मागवून ‘पस्तिशीपुढे’ किंवा ‘पंचेचाळिशीपुढे’ हे वय नक्की कोणत्या तारखेला मोजणार आहेत ते ताडून घ्यावं. स्पर्धेचा दिवस आणि वर्षाचा ३१ डिसेंबर यांत एखादा खेळाडू आत-बाहेर होतो.

तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच हवं. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा दिलेल्या नावाच्याच रकान्यात असतं, त्यामुळे ‘सचिन पाटील’ आणि ‘सचिन रमेश पाटील’ ही दोन माणसं ठरू शकतात. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आणखी गुंता. थायलंडऐवजी दुबईची स्पर्धा ठरवत असाल तर एकच नाव असलेल्या पासपोर्टवर तिथला व्हिजिट व्हिसा मिळत नाही, नोव्हेंबर २०२२ पासून. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा असावा. संघात पोलीस, शिक्षक, महापालिकेचे किंवा बँकेचे कर्मचारी असतातच. त्यांना परदेश प्रवासासाठी खात्याची परवानगी आणि रजा मंजूर लागते. ती फाइल विमानापेक्षा हळू चालते, म्हणून तीन महिने आधी अर्ज.

थायलंडचे व्हिसाचे नियम अलीकडे वारंवार बदललेत. दूतावासाच्या साइटवर दोनदा बघावं, तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा. १ मे २०२५ पासून मात्र प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. चौदाजणांची कार्डं एकानं बसून भरावीत आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाकावीत. ‘ज्याचं त्यानं भरा’ म्हटलं की दोघं तिथल्या रांगेत उभं राहून भरत बसतात.

जर्सीचं थोडक्यात. छातीवर अशोकस्तंभ छापू नका, २००५ चा कायदा त्याला मनाई करतो. तिरंगा कमरेखालच्या कपड्यावर, म्हणजे शॉर्ट्सवर किंवा मोज्यांवर चालत नाही. तालमीचं किंवा गावाचं नाव लिहावं. आपण देशाचा संघ नाही, पेठेचा आहोत, आणि कोल्हापूरकराला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

विमान आणि बॅगा

दहा किंवा जास्त प्रवासी असले की बहुतेक विमान कंपन्या ग्रुप बुकिंग देतात. त्यात भाडं नेहमीच स्वस्त असतं असं नाही, पण थोडी रक्कम भरून जागा धरता येतात आणि नावं नंतर देता येतात. शेवटच्या महिन्यात एकाचा गुडघा आणि एकाची रजा हमखास निघते, तेव्हा ही सोय कामी येते. परतीचं तिकीट सोमवारचं काढा. गटात हरलेल्या संघांनाही सेव्हन्समध्ये बहुधा दुसऱ्या दिवशी प्लेट किंवा बाउल अशा दुय्यम चषकाची बाद फेरी असते, त्यामुळे ‘हरलो तर रविवारी सकाळीच निघू’ हा हिशेब चुकतो. मुंबईहून बँकॉकला साडेचार तासांच्या आसपास लागतात आणि तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. बरीच विमानं रात्रीची असतात. कोल्हापूरहून बसनं मुंबई, मग रात्रीचं विमान, असं केलं की दोन रात्रींची झोप जाते. शनिवारी पहिला सामना असेल तर गुरुवारी सकाळी तिथे पोहोचावं. शुक्रवारी संध्याकाळी उतरणारा संघ शनिवारी अकरा वाजता उन्हात जांभया देतो.

सामान विभागून न्यावं. दोन रंगांचे संच, प्रत्येकी चौदा जर्सी, शिवाय प्रत्येक रंगात एक-एक जादा नंबरची. जर्सीला रक्त लागलं की ती बदलल्याशिवाय परत आत येऊ देत नाहीत, आणि नंबर नसलेली जर्सी तिथे कामाची नाही. कीपरचा रंग दोन्ही संचांहून वेगळा. मोजे माणशी तीन जोड्या, कारण थायलंडच्या दमट हवेत जाड मोजे रात्रीत वाळत नाहीत. हॉटेलजवळ किलोवर कपडे धुऊन देणारी दुकानं असतात, पण शनिवारी संध्याकाळी टाकलेले कपडे रविवारी सकाळी सातला मिळतील का, हे टाकण्याआधी विचारा. मोज्यावर बाहेरून टेप लावायचा तर तो मोज्याच्याच रंगाचा हवा. शिनगार्ड, म्हणजे नडगीची ढाल, सक्तीचे. अंगठी, कडं, गळ्यातला गंडा काढावा लागतो, वर चिकटपट्टी लावून भागत नाही. हाताचा दोरा सुटत नसेल तर तो कापायची मनाची तयारी घरीच करावी.

बुटांबद्दल जरा सविस्तर, कारण इथे पैसे वाचवायला गेलेले पाय गमावतात. मैदान गवताचं की कृत्रिम टर्फचं, हे आयोजकांना विचारा. गवतासाठीचे लांब स्टड (तळाचे खुंट) टर्फमध्ये रुततात, शरीर वळतं आणि पाय जागेवर राहतो. त्याची किंमत गुडघा मोजतो. टर्फसाठी आखूड आणि जास्त स्टडचे बूट हवेत. दुसरा धोका कपाटात असतो. चार-पाच वर्षं डब्यात जपून ठेवलेल्या चांगल्या बुटाचा तळ दमट हवेनं आतून कुजलेला असतो, वरून कळत नाही. तापलेल्या टर्फवर पहिल्या दहा मिनिटांत तो जिभेसारखा लोंबायला लागतो. असे बूट निघण्याआधी किमान चार सराव सामन्यांत वापरून बघावेत. कोरे बूट नेऊन तिथे घालणं हाही तितकाच वेडेपणा. बूट, शिनगार्ड आणि एक जर्सी हातातल्या बॅगेत, म्हणजे बॅग हरवली तरी माणूस खेळू शकतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-अवरपर्यंत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. पंप, सुई आणि कात्री चेक-इन सामानात. वेदनाशामक स्प्रेच्या डब्यावर ज्वालेचं चिन्ह असतं आणि तो तपासणीत अडकतो, जेल न्यावं. बॉलमधली हवा काढून तो चपटा करावा, चार बॉल एका बॅगेत बसतात. कुठल्याही एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या पुढे जाऊ देऊ नका. ई-सिगारेट थायलंडमध्ये बंदी असलेली वस्तू आहे, ती ‘फक्त एक’ सुद्धा नको.

पोटऱ्या, गोळ्या आणि ऊन

तरुण खेळाडूची मांडी जाते, आपली पोटरी जाते. तयारी दहा आठवडे आधी सुरू करावी. पायरीच्या कडेवर एका पायावर टाच उचलणं, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण दोन्हीत वेगळा स्नायू काम करतो. सलग वीस-पंचवीस जमायला हवेत. मांडीच्या मागच्या बाजूसाठी नॉर्डिक: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून जितकं सावकाश पुढे जाता येईल तितकं जायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट, त्याहून जास्त नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात उत्साहानं हा व्यायाम सुरू करणारा शनिवारी जिना उतरू शकत नाही.

वॉर्मअपला ‘फिफा ११+’ हा क्रम उत्तम. सरावाला पूर्ण घ्यावा, आठ मिनिटं पळणं, दहा मिनिटं ताकद आणि तोल, दोन मिनिटं वेगानं पळणं. सामन्याआधी मधला ताकदीचा भाग गाळायचा, फक्त पळण्याचे दोन भाग. दोन सामन्यांत तास-दीड तासाचं अंतर असतं, त्यात खुर्चीत बसून पाय आखडतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या सामन्याआधीही वॉर्मअप हवाच.

निघण्याआधी प्रत्येकानं बीपी, साखर आणि ईसीजी करून डॉक्टरांना दाखवावं, आणि ते म्हणाले तर ट्रेडमिल टेस्ट. पस्तिशीनंतर मैदानावर अचानक कोसळण्यामागे बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असतो, आणि ट्रेडमिल चांगली आली म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांतलं काहीही झालं की त्या माणसाची स्पर्धा तिथेच संपली. मैदानावर पोहोचल्यावर मॅनेजरनं पहिलं काम करावं ते एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे हे बघण्याचं. कुणी कोसळला, हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, तर लगेच छातीच्या मध्यभागी दाब: मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर १६६९ आणि पर्यटक पोलिसांचा ११५५.

आता गोळ्या. बीपीच्या गोळ्या घेणारे संघात चार-पाच तरी असतात, आणि सामन्याआधी ‘दुखू नये म्हणून’ डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणारेही तेवढेच. काही बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ही वेदनाशामकं आणि घामानं आटलेलं शरीर, हे एकत्र आलं की मूत्रपिंडाला फटका बसू शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही सामन्यानंतर, आणि आपल्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यानं मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये, ते ठोके गोळीनं दाबलेले असतात. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध असलं काही नेऊ नये. बाकी औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह.

पाणी किती प्यायचं हे वजनकाट्यावर कळतं. हॉटेलच्या जिममध्ये काटा बहुधा असतो. सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय, आणि नुसतं पाणी ढोसणं हेही धोक्याचं. ओआरएसची पाकिटं इथूनच न्यावीत, माणशी दिवसाला एक, शिवाय थोडी जादा, म्हणजे चाळीस. सगळी मिळून किलोभरही भरत नाहीत. साधारण २१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच मिसळायचं, अर्ध्या बाटलीत नाही. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. ज्यांना मीठ कमी खायला सांगितलंय त्यांनी हेही डॉक्टरांना विचारूनच.

पेटीत ३८ मिलिमीटरचा न ताणणारा टेप हवा. एका रोलमध्ये दोन-तीन घोटे होतात, तेव्हा आठ रोल. क्रेप बँडेज, फोडांच्या पट्ट्या, व्हॅसलीन, कात्री. बर्फ तिथे विकत मिळतो, पिशव्या न्याव्यात. पोटरीत चमक आली तर एकच परीक्षा: त्या पायावर एकट्यानं टाच उचला. दुखतंय? मग रविवार विसरा. ‘मागून कुणीतरी लाथ मारली’ असं वाटून खेळाडूनं मागे बघावं आणि मागे कुणी नसावं, तर टाचेच्या वरची अकिलीसची शीर तुटलेली असू शकते. त्याला पालथं झोपवून पोटरी दाबा. पाऊल हललं नाही तर थेट हॉस्पिटल, मालिश अजिबात नाही.

शनिवारची रात्र हाही वैद्यकीय विषयच आहे. बिअर पिऊन झोपलेला माणूस आधीच कोरडा असतो, सकाळी आणखी. स्कूटर भाड्यानं घेणं संपूर्ण बंद, फायनल होईपर्यंत आणि शक्यतो नंतरही. दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघाताचा विमा बहुधा मिळत नाही. जेवणात भात, अंडी, चिकन आणि केळी यांवर दोन दिवस निघतात. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं की भाज्यांतही माशाचा सॉस असतो. तिथल्या कडक शाकाहाराला ‘जे’ म्हणतात, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. शेंगदाण्याची चटणी न्या. ठेचा सामन्यानंतर.

नियमांची उजळणी आदल्या संध्याकाळी करावी, कारण आपण फुटबॉल शिकलो ते नियम आता राहिले नाहीत. किक-ऑफ २०१६ पासून कुठल्याही दिशेला मारता येते. गोलकिक २०१९ पासून पेनल्टी एरियाच्या आतच सहकाऱ्याला देता येते. आपल्या फ्री किकला समोरच्यांची तीन किंवा जास्त जणांची भिंत असेल तर आपल्या खेळाडूनं तिच्यापासून मीटरभर दूर राहायचं. आणि कीपरनं बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर २०२५ पासून थेट कॉर्नर; शेवटचे पाच सेकंद रेफरी बोटांवर मोजून दाखवतो. एक-शून्यनं पुढे असताना बॉल पोटाशी धरून लोळणारे आपले ज्येष्ठ कीपर यात हटकून सापडतात.

विमा घेताना नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत ‘स्पर्धात्मक खेळ’ वगळलेला आहे का ते बघा. बऱ्याचदा असतो. हौशी फुटबॉल स्पर्धेतली दुखापत धरली जाईल असं कंपनीकडून ईमेलवर घ्यावं, एजंटच्या तोंडी आश्वासनावर नाही. जुने आजार लपवू नयेत. टूर कंपनीमार्फत पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच रिटर्नमध्ये मिळतो, म्हणून एकाच्याच नावावर सगळ्यांचे पैसे भरू नका. दुखापत झालीच तर हॉस्पिटलमधून निघण्याआधी मूळ बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्जचा कागद आणि एक्स-रे-एमआरआयचे रिपोर्ट इंग्रजीत मागून घ्यावेत, आणि आयोजकांकडून ‘अमुक सामन्यात दुखापत झाली’ असं सहीचं पत्र. मुंबईत उतरल्यावर थायलंडच्या हॉस्पिटलकडून एक शिक्का मिळवायला महिने जातात.